छताखालचा तलाव : बंगळूरमधील बंदिस्त जलतरण तलावांच्या नूतनीकरणाचा प्रश्न

बंगळूरमधील एखाद्या निवासी संकुलाच्या क्लब हाउसमध्ये जानेवारीच्या पहाटे गेल्यास तेथील बंदिस्त जलतरण तलावाच्या मोठ्या काचा आतून पाझरताना दिसतात. काचेवरून ओघळलेले पाणी चौकटीच्या खाचेत साचलेले असते. फॉल्स सीलिंगच्या काही चौकोनांवर तपकिरी डाग पडलेले असतात, दिव्यांच्या कडा गंजलेल्या असतात आणि बाहेरच्या भिंतीचा रंग पापुद्र्यांनी सुटू लागलेला असतो. तलावातील पाणी मात्र निळे आणि नितळ असते. संकुलाची समिती अशा वेळी नूतनीकरणाचा ठराव करते. निविदा मागवल्या जातात, टाइल्सचे नमुने पाहिले जातात, छताला नवा रंग देण्याचे ठरते. दोन-तीन पावसाळे गेले की तेच डाग त्याच जागी पुन्हा उमटतात.

याचे कारण बहुतेक वेळा तलावाच्या टाकीत नसून तिच्यावरील हवेत असते. बंदिस्त तलावाची दुरुस्ती ही प्रथम हवेची आणि नंतर बांधकामाची दुरुस्ती आहे. हा क्रम उलटला की खर्च दुप्पट होतो. कधी कधी प्रश्न खर्चापुरताही राहत नाही, कारण छताचा भार ज्या सळयांवर असतो त्याही याच हवेत उभ्या असतात.

जलतरणाच्या क्षेत्रात बंगळूरचे स्थान मोठे आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे याच शहरात प्रशिक्षक निहार अमीन यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले, तेव्हा १९८६ मधील खजान सिंग यांच्या रौप्यपदकानंतर प्रथमच भारताला आशियाई स्पर्धेत जलतरणाचे पदक मिळाले होते. २०१९ साली आशियाई वयोगट जलतरण स्पर्धाही बंगळूरमध्ये झाली. मात्र बसवनगुडी अॅक्वाटिक सेंटर, हलसूरचा केन्सिंग्टन तलाव यांसारखे शहरातील नामवंत तलाव उघड्यावरचे आहेत. उघड्या तलावातून उठणारी वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते आणि कोणाला तिचा विचार करावा लागत नाही. छताखालचे तलाव आले ते मुख्यत्वे गेल्या दोन-अडीच दशकांत, निवासी संकुले, शाळा, हॉटेले आणि व्यायामशाळा यांच्याबरोबर. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवरील या शहरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १५-१६ अंश सेल्सियसपर्यंत उतरते. लहान मुलांना अशा थंडीत उघड्या पाण्यात उतरवणे कठीण असल्याने छत आले, पाणी गरम करण्याची व्यवस्था आली. त्या पाण्यातून उठणाऱ्या बाष्पाची व्यवस्था मात्र अनेक ठिकाणी राहून गेली. आता यांतील कित्येक तलाव नूतनीकरणाच्या वयाला आले आहेत.

बाष्पाचा हिशेब

२५ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद असा तलाव घेऊ. पाण्याचे तापमान २८ अंश, सभागृहातील हवा ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असल्यास, पोहणाऱ्यांची वर्दळ असताना अशा तलावातून तासाला सुमारे ५५ लिटर पाण्याची वाफ होते. पाणी शांत असताना हे प्रमाण साधारण निम्म्यावर येते. दिवसाकाठी हजार लिटरच्या आसपास, म्हणजे गच्चीवरील एका मोठ्या टाकीएवढे पाणी हवेत जाते. ते कोठून तरी बाहेर पडावेच लागते. वाट करून दिली नाही, तर ते स्वतः वाट शोधते : फॉल्स सीलिंगच्या फटींतून वर, भिंतींच्या छिद्रांतून बाहेर, दाराखालून लिफ्टच्या लॉबीत.

शिवाय ही वाफ उष्णताही घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता तलावातून निघून जाते. पाणी तापवण्याच्या बिलाचा मोठा भाग अशा रीतीने हवेत विरतो.

या ठिकाणी एक चूक फार वेळा होते. सभागृहात दमट वाटते म्हणून तेथे साधे वातानुकूलन यंत्र बसवले जाते आणि हवा २४ अंशांपर्यंत थंड केली जाते. थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची क्षमता कमी असते आणि खालचे पाणी हवेपेक्षा उबदार राहते. परिणामी आर्द्रता ६० टक्केच राखली, तरीही बाष्पीभवन दीडपटीहून अधिक होते. पोहून बाहेर येणाऱ्याला हुडहुडी भरते ती वेगळीच. यामुळे बंदिस्त तलावाची हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश उबदार ठेवावी, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. दिवाणखान्याचे तर्कशास्त्र येथे चालत नाही, आणि संकुलाच्या बैठकीत हे पटवून देणे हेच बहुधा सल्लागारापुढचे सर्वांत अवघड काम असते.

काच का पाझरते, याचेही उत्तर याच आकड्यांत आहे. ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू २१ अंशांच्या थोडा वर असतो. त्याहून थंड पृष्ठभागावर ती हवा टेकली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. बाहेर १५ अंश तापमान असताना एकेरी काचेचा आतील पृष्ठभाग १९ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे ती ओली होणारच. मध्ये हवेची पोकळी असलेली दुहेरी काच बसवल्यास आतील पृष्ठभाग २४ अंशांच्या आसपास राहतो आणि काच कोरडी राहते. युरोपातील कडाक्याच्या थंडीसाठी लागणारी तिहेरी काच बंगळूरला लागत नाही. पुण्यात जानेवारीची पहाट याहून थंड असते, त्यामुळे तेथे एकेरी काच अधिकच पाझरेल.

भिंत आणि छत यांना हाच न्याय लागू पडतो, परंतु तेथे घडणारी गोष्ट दिसत नाही. बाष्प प्लास्टरमधून आत शिरते, भिंतीच्या मध्यावर किंवा बाहेरच्या थंड थराजवळ त्याचे पाणी होते आणि बाहेरचा रंग फुगतो. बाहेरून पुन्हा रंग देणे हा त्यावरील उपाय नव्हे. बाष्परोधक थर भिंतीच्या आतील, म्हणजे उबदार आणि दमट बाजूस हवा आणि तो सलग हवा. विजेच्या नळीसाठी त्यात पाडलेले एक भोक न बुजवता सोडले तरी बाष्प तेवढ्याच वाटेने जात राहते. जिप्सम बोर्डाचे फॉल्स सीलिंग तर अशा सभागृहात न घालणेच श्रेयस्कर. ते ओल शोषते, त्यावर बुरशी वाढते आणि मुख्य म्हणजे त्याच्या वर काय चालले आहे, ते झाकले जाते.

छताच्या टांगण्या

९ मे १९८५ रोजी स्वित्झर्लंडमधील उस्टर या गावी बंदिस्त जलतरण तलावाचे टांगलेले काँक्रीटचे छत कोसळले आणि १२ जणांचा मृत्यू झाला. इमारत जेमतेम १३ वर्षांची होती. छत ज्या स्टेनलेस स्टीलच्या टांगण्यांवर तोललेले होते, त्या आतून भेगाळल्या होत्या. १ नोव्हेंबर २०११ रोजी नेदरलँड्समधील टिलबर्ग येथे तलावाच्या छताला लावलेले ध्वनिक्षेपक खाली पडून एका तान्ह्या बाळाचा मृत्यू झाला. तेथेही गंजलेल्या टांगण्यांकडेच बोट दाखवले गेले.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, ही समजूत स्वयंपाकघरापुरती बरी. तलावाच्या हवेत क्लोरीनची संयुगे असतात. ती छतावरील थंड धातूवर बाष्पाबरोबर बसतात, पाणी उडून जाते आणि क्लोराइडचा थर उरतो. रोज थोडा, असा तो वर्षानुवर्षे दाट होत जातो. ताणाखाली असलेल्या धातूत या थरामुळे केसासारख्या बारीक भेगा पडतात. पृष्ठभागावर नाममात्र तपकिरी छटा दिसते, जाडी घटत नाही, सळई वाकत नाही आणि एके दिवशी ती तुटते. अभियंते याला ताणजन्य क्षरण म्हणतात. विलक्षण बाब अशी की तलावात उतरण्याची शिडी त्याच स्टीलची असूनही वर्षानुवर्षे टिकते, कारण तिच्यावर सतत पाणी उडते आणि क्लोराइड धुऊन जाते. धोका असतो तो जेथे पाणी कधीच पोहोचत नाही आणि कोणी पुसायलाही जात नाही, अशा छताजवळच्या भागांना.

आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे ३०४ आणि ३१६ या प्रतींचे स्टेनलेस स्टील अशा ठिकाणी भार तोलण्यासाठी वापरू नये, असा युरोपातील संकेत आहे. तेथे सुमारे सहा टक्के मॉलिब्डेनम असलेल्या उच्च प्रतीच्या मिश्रधातूचा आग्रह धरला जातो. जस्ताचा जाड मुलामा दिलेले साधे पोलाद वापरणे हाही एक मार्ग आहे. ते गंजते, पण डोळ्यांना दिसेल असे गंजते, आणि या बाबतीत तोच त्याचा गुण आहे. म्हणून नूतनीकरणाचा पहिला दिवस फॉल्स सीलिंग उघडण्याचा असावा. टांगण्या, त्यांचे बोल्ट, हवेच्या नळांचे आधार, दिवे आणि ध्वनिक्षेपक यांची बांधणी संरचना अभियंत्याने शिडीवर चढून हाताच्या अंतरावरून पाहावी. खालून दुर्बिणीने घेतलेली पाहणी पुरेशी नाही. संशय असलेली टांगणी घासून चकचकीत करण्यापेक्षा बदलणे योग्य, कारण भेग आत असते.

ज्या वासाला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, त्याचाही उलगडा येथेच करावा लागेल. तो वास शुद्ध क्लोरीनचा नसतो. घाम आणि मूत्र यांतील नत्रयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगे बनतात. त्यांतील ट्रायक्लोरामाइन पाण्यातून सहज उडते आणि डोळे चुरचुरणे, खोकला येणे, दमा बळावणे असे त्रास देते. दिवसभर काठावर उभे राहणारे प्रशिक्षक आणि जीवरक्षक यांना पोहणाऱ्यांपेक्षाही अधिक काळ ही हवा श्वासात घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या मार्गदर्शक सूत्रांत तलावाच्या हवेतील अशा क्लोरीन संयुगांसाठी घनमीटरमागे अर्धा मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचवली आहे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने पाण्याच्या पृष्ठभागालगत, म्हणजे नेमका पोहणाऱ्या मुलाच्या नाकाशी साचतो. छताला लावलेला एक्झॉस्ट पंखा त्याला फारसा हात लावू शकत नाही. हवा बाहेर नेणाऱ्या जाळ्या खाली, काठाच्या जवळ हव्यात आणि कोरडी उबदार हवा काचेच्या बाजूने सोडायला हवी. पोहण्यापूर्वी साबणाने स्नान करण्याचा नियम खरोखर पाळला गेला, तर यंत्रावरील बराच भार हलका होतो.

बाहेरची हवा किती उपयोगी

बंगळूरची हवा सुखद आहे, खिडक्या उघडल्या की काम भागेल, असे तेथील रहिवासी म्हणतात. ते पूर्ण चूक नाही, आणि हाच या शहराच्या प्रश्नाचा नाजूक भाग आहे. जानेवारीतील पहाटेची १६ अंशांची हवा आत घेऊन ३० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ३६ टक्क्यांच्या आसपास येते. अशी हवा पुष्कळ बाष्प सामावून घेऊ शकते. पावसाळ्यात २२ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा घेतली, तर ती ३० अंशांवर ५६ टक्क्यांवर स्थिरावते. आतील ६० टक्क्यांपेक्षा ती जेमतेम कोरडी असते. तेवढेच बाष्प काढण्यासाठी जानेवारीच्या तुलनेत सुमारे सहापट हवा खेळवावी लागते, आणि तेवढ्या क्षमतेचे पंखे कोणी बसवलेले नसतात. मुंबईत जुलैची २८ अंशांची दमट हवा ३० अंशांवर ७८ टक्के भरते. ती आत घेणे म्हणजे आर्द्रता विकत घेणे होय. मुंबईत आणि कोकणपट्टीत बंदिस्त तलावाला बाष्प काढून टाकणारे डिह्युमिडिफायर यंत्र अपरिहार्य आहे, हे बांधणाऱ्याला पहिल्याच पावसाळ्यात कळते. बंगळूरमध्ये वर्षाचे सात-आठ महिने पंख्यांवर निभावून जाते आणि जून ते ऑक्टोबर या काळात इमारत मुकाट्याने झिजत राहते.

डिह्युमिडिफायर दमट हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिचे पाणी करतो. त्या क्रियेत मोकळी होणारी उष्णता तो तलावाच्या पाण्याला आणि हवेला परत देतो, म्हणून मोठ्या तलावासाठी तो विजेची नासाडी ठरत नाही. बंगळूरला सोयीची ठरते ती दुहेरी व्यवस्था : कोरड्या महिन्यांत बाहेरची हवा, तीही बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता परत मिळवून, आणि पावसाळ्यात यंत्र. सभागृहातील हवेचा दाब शेजारच्या खोल्यांपेक्षा किंचित कमी राखावा लागतो, म्हणजे बाष्प आणि वास कपडे बदलण्याच्या खोलीकडे जात नाहीत. रात्री तलावावर आच्छादन अंथरणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते आच्छादन घडी घालून कोपऱ्यात पडलेले असते.

तलाव रिकामा करण्यापूर्वी

मार्च २०२४ मध्ये बंगळूरला तीव्र पाणीटंचाई जाणवली, तेव्हा शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने जलतरण तलावांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली आणि पाच हजार रुपये दंड ठरवला. कावेरीचे पाणी या शहरात सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, चढावर उचलून आणावे लागते. वर सांगितलेल्या मापाच्या तलावात चार लाख लिटरांहून अधिक पाणी मावते. एका टाइलच्या डागासाठी ते गटारात सोडणे म्हणूनच आता खासगी बाब राहिलेली नाही. पाणी न काढता गळतीचा शोध घेता येतो. बादलीत पाणी भरून ती तलावाच्या पायरीवर ठेवावी आणि दोन्हींची पातळी चोवीस तासांनी मोजावी. बादलीपेक्षा तलावाची पातळी अधिक उतरली असेल, तर तेवढी गळती, उरलेले बाष्पीभवन. ही चाचणी पोहणे बंद असताना आणि पाणी भरण्याचा नळ बंद करून घ्यावी.

तलाव रिकामा करणे अटळ असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. जमिनीत बांधलेल्या टाकीला भोवतालचे भूजल खालून वर ढकलत असते. आतील पाण्याचे वजन गेले की पावसाळ्यात टाकी उचलली जाऊन तडकू शकते. पार्किंगच्या स्लॅबवर बांधलेल्या तलावाला हे भय नाही. तेथे गळतीचे पाणी खालच्या मोटारींवर ठिबकते आणि स्लॅबच्या सळयांपर्यंत क्लोराइड नेते, म्हणून खालून स्लॅबची तपासणी आवश्यक ठरते. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामासाठी आय.एस. ३३७० आणि तलावातील पाण्याच्या प्रतीसाठी आय.एस. ३३२८ ही भारतीय मानके उपलब्ध आहेत. निविदेत त्यांचा उल्लेख असावा.

काम करणाऱ्या मजुरांचा विचार निविदेत क्वचितच दिसतो. बंद सभागृहात टाइल्स आम्लाने घासल्या की त्याची वाफ तेथेच कोंडते. तेच आम्ल तलावात टाकण्याच्या हायपोक्लोराइटमध्ये मिसळले, तर विषारी क्लोरीन वायू मोकळा होतो. ही दोन द्रव्ये एका खोलीत ठेवू नयेत, एकच बादली दोन्हींसाठी वापरू नये आणि आम्लाचे काम चालू असताना पंखे बंद करू नयेत.

जुन्या टाइल्स काढल्यावर उघडे पडलेले काँक्रीट, त्यावरील जलरोधक थर आणि नवे ग्राउट यांना वाळण्यासाठी वेळ लागतो. दमट बंद जागेत तो आणखी वाढतो. हवेची यंत्रणा आधी दुरुस्त करण्याचे हेही एक व्यावहारिक कारण आहे. तीच यंत्रणा बांधकाम वाळवण्याच्या कामी येते. सांध्यांसाठी साध्या सिमेंटपेक्षा इपॉक्सी ग्राउट टिकते, पण ओल्या पृष्ठभागावर ते धरत नाही. उद्घाटनाची तारीख आधी छापली गेली की नेमका हाच वाळण्याचा काळ कापला जातो.

नवा तलाव भरतानाही घाई करून चालत नाही. चोवीस तासांत पाऊण मीटरपेक्षा अधिक पाणी चढवू नये आणि तापमान तासाला पाव अंशाहून वेगाने वाढवू नये, म्हणजे टाइल्स आणि काँक्रीट यांच्यात ताण येत नाही. पाणी भरल्यानंतर सभागृहात किमान चार ठिकाणी आर्द्रतामापक लावावेत : एक काठाशी, एक काचेजवळ, एक कपडे बदलण्याच्या खोलीत आणि एक छताच्या पोकळीत, जेथे टांगण्या आहेत. पहिल्या पावसाळ्यातील त्यांच्या नोंदी, विशेषतः पोहणे बंद झाल्यानंतर रात्री दोन-तीन वाजताच्या नोंदी, कंत्राटदाराची शेवटची रक्कम देण्यापूर्वी पाहाव्यात.